घरबसल्या शिकावे कसे?

नापास होण्याचेही एक वय असते. ते वय उलटून कितीतरी वर्षे झाल्यावर, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी एका परीक्षेत नापास झालो. विषय होता मार्केटिंग, म्हणजे ज्याला आपण विपणन असे भारदस्त नाव दिले आहे तो. अभ्यासक्रम ऑनलाइन होता. एवढ्यावर भागले असते तर ही हकिगत मी चारचौघांत सांगितलीही नसती. पण माझ्याबरोबर आमच्या महाविद्यालयातले चार विद्यार्थी त्याच परीक्षेला बसले होते. अभ्यास कसा करायचा, हे त्यांना मीच सांगितले होते. आणि त्या चौघांतले दोघे माझ्यासारखेच नापास झाले. तेव्हा हा मामला एकट्या माझ्या फजितीचा राहत नाही. आम्ही कोठे चुकलो आणि पुढच्या वर्षी काय केले, ते मी सांगणार आहे. तुमच्या घरात कोणी असा अभ्यासक्रम घेतला असेल, किंवा तुम्ही स्वतःच घेणार असाल, तर त्याचा उपयोग होईल.

मी मराठीचा प्राध्यापक. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो. मार्केटिंगशी माझा संबंध आठवडी बाजारात भाजी घेण्यापुरता. पण महाविद्यालयाने ऑनलाइन अभ्यासक्रमांची देखरेख माझ्याकडे दिली, आणि मला वाटले की मुलांना पाण्यात ढकलण्यापूर्वी आपण स्वतः उतरून पाहावे. म्हणून २०२३ च्या जुलैत मीही नाव नोंदवले.

प्रथम ही व्यवस्था काय आहे ते पाहू. भारत सरकारने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या नावाचे एक व्यासपीठ सुरू केले. शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर मिळतात. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे पडत नाहीत. प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : पाहण्याची व्याख्याने, वाचण्याचे साहित्य, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि शंका विचारण्याची जागा. २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाला एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मार्गाने पुरे करू देता येतात. म्हणजे हा आता हौसेचा मामला उरलेला नाही. मुलांच्या गुणपत्रिकेशी त्याची गाठ पडलेली आहे.

‘स्वयम्’वर अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे नियमही वेगवेगळे आहेत. आमचा अभ्यासक्रम एनपीटीईएलचा होता. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम. दर आठवड्याला सुमारे अर्ध्या अर्ध्या तासाची काही व्याख्याने आणि एक चाचणी, जिला सगळे ‘असाइनमेंट’ म्हणतात. शेवटी केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची तीन तासांची परीक्षा. तिची फी हजार रुपये.

आता गुणांचा हिशेब नीट ऐका, कारण सारी मेख तिथेच आहे. बारा असाइनमेंटपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी घेतात आणि तिला पंचवीस गुण देतात. परीक्षेला पंच्याहत्तर. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण चाळीस मिळाले की झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पंचवीसपैकी किमान दहा आणि पंच्याहत्तरपैकी किमान तीस, अशा दोन्ही अटी स्वतंत्रपणे पुऱ्या व्हाव्या लागतात.

मला असाइनमेंटचे किती मिळाले होते? पंचवीसपैकी तेवीस! आणि परीक्षेत? पंच्याहत्तरपैकी सत्तावीस. बेरीज पन्नास, तरी नापास. तिकडे आमच्या चौघांतल्या एका मुलाला असाइनमेंटमध्ये बारा आणि परीक्षेत एकतीस मिळाले. बेरीज त्रेचाळीस, आणि तो पास. हा मुलगा संध्याकाळी एका कापडाच्या दुकानात काम करतो. त्याला मी अनेकदा बोललो होतो, की बाबा, तुझे असाइनमेंटचे गुण बघ आणि इतरांचे बघ!

निकालानंतर मी त्यालाच विचारले, “तू केलंस तरी काय?” तो म्हणाला, “सर, मला तुमच्याबरोबर बसायला जमत नव्हतं. दुकानातून आल्यावर रात्री एकटाच सोडवायचो. व्हिडिओ परत बघायला डेटा शिल्लक नसायचा. आठवेल तेवढं लिहायचं आणि चुकलं की मग बघायचं.”

हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही बाकीचे काय करीत होतो? शनिवारी दुपारी प्राध्यापकांच्या खोलीत बसायचे, समोर व्याख्यान लावलेले, शेजारी टिपणे उघडी, एकाने प्रश्न वाचायचा, दुसऱ्याने पाने चाळून उत्तर काढायचे. गुण भरभरून मिळत. पण ते गुण आमच्या डोक्याचे नव्हते, उघड्या वहीचे होते. परीक्षेच्या दिवशी वही बाहेर राहिली आणि आम्ही आत गेलो!

मुलांना मी दिलेला सल्लाही असाच होता : “सगळी व्याख्याने दोनदोनदा पाहा, म्हणजे पक्के होईल.” हा सल्ला चुकीचा होता. माणूस कसा विसरतो, याचे मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेल्या गोष्टीतला मोठा भाग पहिल्या काही तासांतच गळून जातो आणि पुढे गळती मंदावते, असे त्याला आढळले. अगदी अलीकडे, २००६ मध्ये, रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही जणांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काही जणांना तो वाचून झाल्यावर, न पाहता, आठवेल तेवढा लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले.

यातली गंमत लक्षात घ्या. पुन्हा पाहिल्यावर लगेच ‘हे मला येतं’ असे वाटते. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसावा आणि आपण हसून नमस्कार करावा, तसे ते असते. पण घरी आल्यावर त्याचे नाव आठवा बघू! ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. परीक्षा मागते ती आठवण.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जुलैत, मी पुन्हा नाव नोंदवले. नापास झालेल्या दोघांपैकी एक मुलगी माझ्याबरोबर आली. दुसऱ्याची गोष्ट शेवटी सांगतो. या खेपेला आम्ही एकच नियम ठरवला : व्याख्यान संपले की मोबाइल पालथा ठेवायचा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे. मराठीत, इंग्रजीत, मोडक्या वाक्यांत, कसेही. मग व्याख्यान उघडून, जे सुटले ते लाल शाईने भरायचे. तोच कागद दुसऱ्या दिवशी न पाहता पुन्हा लिहायचा, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने. लाल शाई कमी होत गेली की अभ्यास होतो आहे असे समजावे. असाइनमेंट प्रथम एकट्याने, वही मिटून सोडवायची. चर्चा करायची ती त्यानंतर.

पण नुसते आठवूनही भागत नाही. मार्केटिंगच्या परीक्षेत व्याख्या फारशा विचारत नाहीत. प्रसंग देतात आणि त्याला कोणते तत्त्व लागू पडते ते विचारतात. पहिल्या खेपेला मी इथेही घसरलो होतो. ‘स्किमिंग’ आणि ‘पेनिट्रेशन’ ही किंमत ठरविण्याच्या दोन पद्धतींची नावे मला तोंडपाठ होती. पण समोर प्रसंग आला तेव्हा कोणती कुठली, तेच कळेना.

दुसऱ्या खेपेला आम्ही प्रत्येक इंग्रजी नावाला आपल्या ओळखीचे एकेक उदाहरण बांधून टाकले. ‘स्किमिंग’ म्हणजे साय काढणे. नवा महागडा मोबाइल येतो, पहिल्यांदा तो चढ्या किमतीने विकतात, ज्यांना हौस आणि ऐपत आहे ते घेतात, मग हळूहळू किंमत उतरते. वरची साय आधी काढून घ्यायची, दूध मागाहून. ‘पेनिट्रेशन’ म्हणजे शिरकाव. १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत घरच्या घरी धुण्याची पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. बड्या कंपनीच्या पावडरीपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती. तीच ‘निरमा’. स्वस्त किमतीच्या जोरावर घराघरांत शिरकाव करून घेतला, हे एकदा मनात बसले की नाव विसरणार कसे?

मार्केटिंगमधला सर्वांत प्रसिद्ध सांगाडा म्हणजे ‘चार पी’. जेरोम मॅकार्थी यांनी तो १९६० साली आपल्या पाठ्यपुस्तकात मांडला. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. म्हणजे वस्तू, किंमत, वितरणाची जागा आणि प्रसार. हा सांगाडा मी घोकला होता, पण तो जिवंत झाला तो आमच्याच जिल्ह्यातल्या एका उदाहरणाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? वस्तू उत्तम असणे आणि गिऱ्हाइकाला ती हवीशी वाटणे यांत केवढे अंतर असते, हे त्या नांगराइतके दुसऱ्या कशाने कळणार? पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवावी, हा मूळ हेतू. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. मी इतकी वर्षे ते मासिक मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शिकवीत आलो. ते चौथ्या ‘पी’चे, म्हणजे प्रसाराचे, उदाहरण आहे हे मला मार्केटिंगचा अभ्यास करताना कळले!

दुसरा एक भेद आहे, तो समजला की निम्मा विषय समजला. विक्री आणि विपणन या दोन गोष्टी एक नव्हेत. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० मध्ये ‘मार्केटिंग मायोपिया’ या लेखात हे सांगितले. मायोपिया म्हणजे जवळचे तेवढेच दिसण्याचा दृष्टिदोष. त्यांचे उदाहरण अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचे. आपला धंदा रेल्वेचा, असे त्या समजून बसल्या. लोकांना हवा होता तो प्रवास आणि मालाची ने-आण. मोटारी, ट्रक आणि विमाने आली तशी गिऱ्हाइके तिकडे गेली. विकणारा आपल्या मालाकडे पाहतो. विपणन करणारा गिऱ्हाइकाच्या गरजेकडे पाहतो.

मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा ती मुलगी एकदम म्हणाली, “सर, मग आमच्या घरी विक्री होते, विपणन होत नाही.” तिच्या वडिलांची थोडी द्राक्षबाग आहे, ते बेदाणा करतात. माल तयार झाला की तो सौद्यात न्यायचा, निघेल तो भाव घ्यायचा आणि परतायचे. खाणारा कोण, हा प्रश्न घरात कधी निघालेला नाही. तिने वहीत तीन रकाने केले : खिरीत घालणारी गृहिणी, पोत्याने घेणारा मिठाईवाला, मुलाच्या डब्यात देणारी आई. बेदाणा एकच, पण पहिलीला थोडा आणि स्वच्छ हवा, दुसऱ्याला भाव परवडणारा हवा, तिसरीला लहान पाकिटात हवा. पुस्तकातले ‘सेग्मेंटेशन’, म्हणजे बाजाराचे भाग पाडणे, तिने अशा रीतीने घरातल्या घरात शिकून घेतले. कोणत्या भागाकडे वळायचे ते ठरवणे म्हणजे ‘टार्गेटिंग’, आणि त्या गिऱ्हाइकाच्या मनात आपल्या मालाला कोणती जागा मिळवून द्यायची ते ठरवणे म्हणजे ‘पोझिशनिंग’. हे तीन शब्द आमच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या घरात बेदाणा नसेल. दूध असेल, शिवणकाम असेल, रिक्षा असेल. उदाहरण तेच घ्या. दुसऱ्याचे उदाहरण पाठ करावे लागते, आपले उदाहरण आपोआप लक्षात राहते.

इंग्रजीचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमच्या अभ्यासक्रमाची व्याख्याने इंग्रजीत, प्रश्नही इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषयाआधी भाषेचीच धास्ती वाटते. त्यावर आम्ही एक साधा उपाय केला. एक छोटी वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ आणि एका ओळीत उदाहरण. बारा आठवड्यांत सुमारे दोनशे शब्द झाले, आणि दोनशे शब्दांवर सारा विषय पेलतो असे ध्यानात आले. व्याख्यान भरभर वाटले तर गती कमी करून ऐकता येते, हेही सांगून ठेवतो. वर्गात मास्तरांना ‘जरा सावकाश’ म्हणायला मुले लाजतात; इथे लाजायचे कारण नाही.

आता वेळेविषयी. अशा अभ्यासक्रमात सर्वांत मोठा शत्रू कोण असेल, तर ‘उद्या’. शाळेत घंटा होते, हजेरी होते, न आल्यास कोणी विचारते. इथे घंटा नाही. असाइनमेंटला मुदत असते, पण बारांपैकी आठच धरतात म्हटल्यावर चार सोडून देण्याचा मोह होतो. त्या चार आठवड्यांचा भाग परीक्षेला मात्र असतोच! आम्ही पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ ठरवली. घरात मोबाइल एकच असेल, आणि अनेक घरांत तो एकच असतो, तर पहाटे तो मोकळा सापडतो. रोज एक व्याख्यान आणि एक कागद. रविवारी नवे काही नाही, फक्त मागचे कागद. आणि आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसून एकाने दुसऱ्याला एक धडा शिकवायचा. शिकवताना जिथे आपण अडखळतो, तिथेच आपले कच्चे असते. हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवायला हवे होते. शिकवले एका नापाशीने.

परीक्षेच्या दिवसाबद्दल दोनच गोष्टी. केंद्र आपल्या गावात नसते. आम्हाला कोल्हापूरला जावे लागले. आदल्या दिवशी प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र काढून ठेवा, आणि एसटी चुकेल असे धरूनच निघा. दुसरी गोष्ट, तीन तास पुष्कळ असतात. प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द, ‘सर्वांत योग्य’ हा शब्द बोट ठेवून वाचा. पहिल्या वर्षी माझे काही प्रश्न नुसत्या घाईने गेले. येत होते, पण विचारले होते उलटे.

दुसऱ्या खेपेला मला असाइनमेंटमध्ये वीस मिळाले, म्हणजे पहिल्यापेक्षा तीन कमी; वही मिटून सोडवली ना! परीक्षेत एकावन्न. बेरीज एकाहत्तर. ती मुलगी माझ्याहून चार गुणांनी पुढे गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिचे अडलेले तीन श्रेयांक सुटले.

आणि तो दुसरा मुलगा? त्याला मी पुन्हा नाव नोंदवायचा आग्रह केला. या वेळची फी मी भरतो, असेही म्हटले. तो हसून म्हणाला, “राहू द्या सर.” त्याच्या आईने मात्र मागे एकदा बाजारात भेटल्यावर विचारले होते, “सर, ते हजार रुपये वाया गेले का हो?” मला उत्तर देता आले नाही. तो आता बेदाण्याचा टेम्पो चालवतो. कधी रस्त्यात भेटला तर हॉर्न वाजवून हात करतो. तो हुशार होता आणि मी सांगितले तसेच त्याने केले होते. सगळी व्याख्याने दोनदा पाहिली होती.

म्हणून तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. घरबसल्या शिकताना मास्तर दूर असतो, तेव्हा स्वतःचा मास्तर स्वतःच व्हावे लागते. आणि मास्तराचे पहिले काम धडा वाचून दाखवणे हे नव्हे. वही मिटायला लावून ‘आता सांग पाहू’ असे विचारणे हे आहे. आजच्या पहाटे जे व्याख्यान ऐकलेत, ते आता या क्षणी, काहीही न उघडता, एका कागदावर लिहून पाहा. किती आठवले ते परीक्षेच्या आधी कळलेले बरे.